धावणे थांबले तो मंगळवार : ‘द फ्युजिटिव्ह’च्या अखेरच्या भागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्नीच्या खुनाचा खोटा ठपका बसलेल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगणारी ‘द फ्युजिटिव्ह’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९६३ ते १९६७ या काळात चालली. तेव्हा भारतात दूरचित्रवाणी दिल्लीपुरतीच होती आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे आपल्याकडे ही मालिका पाहणारा वर्ग पुष्कळ नंतरचा आहे. कोणी १९९३ चा चित्रपट आवडला म्हणून मागे वळून मूळ मालिकेकडे जातो, तर कोणी परदेशातल्या नातेवाइकांकडे तबकड्यांचा संच पाहून येतो. प्रश्न मात्र बहुतेक अखेरच्या भागाविषयीच येतात आणि फिरून फिरून तेच येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. शेवट आधी कळल्याने ज्यांचा हिरमोड होतो, त्यांनी प्रश्न ४ नंतर थांबावे.

१. ही मालिका कशाविषयी आहे, हे थोडक्यात सांगाल का?

इंडियाना राज्यातील स्टॅफर्ड या गावी राहणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड किम्बल एका रात्री घरी परतत असताना एका हाताचा एक माणूस त्यांच्या घराच्या बाजूने पळत येताना त्यांच्या मोटारीच्या उजेडात दिसतो. घरात पाऊल टाकतात तो पत्नी हेलन मरून पडलेली असते. त्याच संध्याकाळी पतिपत्नींचे मूल दत्तक घेण्यावरून कडाक्याचे भांडण झालेले असते आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलेले असते. थोट्या माणसाची गोष्ट न्यायालयाला पटत नाही आणि किम्बलला मृत्युदंड होतो. लेफ्टनंट फिलिप जेरार्ड त्याला बेडी घालून आगगाडीने तुरुंगाकडे नेत असताना गाडी रुळांवरून घसरते आणि किम्बल निसटतो. त्यानंतर नाव बदलत, केस रंगवत आणि मिळेल ते अंगमेहनतीचे काम करत तो गावोगाव फिरतो. तो त्या माणसाच्या मागावर असतो आणि जेरार्ड त्याच्या. किम्बलची भूमिका डेव्हिड जॅन्सनने केली आहे, तर जेरार्डची बॅरी मोर्सने.

२. ‘अखेरचा भाग’ म्हणजे नेमका कोणता? काही ठिकाणी दोन भाग दिसतात.

दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे. ‘द जजमेंट’ म्हणजे ‘निवाडा’ या नावाने ती दोन मंगळवारी दाखवली गेली : पहिला खंड २२ ऑगस्ट १९६७ रोजी आणि दुसरा २९ ऑगस्टला, एबीसी या वाहिनीवर रात्री दहा वाजता. लेखन जॉर्ज एक्स्टाइन आणि मायकेल झगॉर यांचे, तर दिग्दर्शन डॉन मेडफर्ड यांचे होते. मालिकेचे एकंदर १२० भाग आहेत. त्यांपैकी पहिल्या तीन हंगामांतील ९० कृष्णधवल आणि चौथ्या हंगामातील ३० रंगीत आहेत, म्हणून हा शेवटही रंगीत आहे. कृष्णधवल भागांची सवय झालेल्या डोळ्यांना हा रंग थोडा परका वाटतो, ही तक्रार अनेकांची आहे आणि माझीही आहे. किम्बलच्या जगाला सावल्या शोभत होत्या.

३. आधीचे ११८ भाग न पाहता थेट शेवट पाहिला तर चालेल का?

कथानक समजेल, कारण पहिल्या पाच मिनिटांत आवश्यक ते सगळे सांगितले जाते. तरीही शेवटाचा परिणाम होण्यासाठी थोडी शिदोरी हवी. अगदी पहिला भाग, ‘फिअर इन अ डेझर्ट सिटी’, पाहावा. ‘द गर्ल फ्रॉम लिटल इजिप्त’मध्ये खुनाची रात्र आणि खटला पूर्वदृश्यांतून येतात. ‘नाइटमेअर ॲट नॉर्थोक’मध्ये जळत्या शाळाबसमधून मुलांना वाचवल्यामुळेच किम्बलचा ठावठिकाणा उघड होतो, आणि मालिकेची सगळी गंमत त्यात आहे : हा माणूस डॉक्टर असल्याचे लपवतो, पण समोर कोणी मरत असेल तर ते लपवणे त्याला जमत नाही. चौथा म्हणजे ‘कॉर्नर ऑफ हेल’. त्यात चोरटी दारू गाळणाऱ्यांच्या वस्तीत खुद्द जेरार्डवर खोटा आळ येतो आणि आपण निर्दोष असल्याचे परोपरीने सांगूनही कोणी त्याचे ऐकत नाही. शेवटच्या भागातील जेरार्ड समजून घ्यायचा असेल तर हा भाग चुकवू नये (प्रश्न १० पाहा).

४. एका हाताच्या माणसाचे काम करणारा नट खरोखरच एका हाताचा होता का?

होय. बिल रेश यांचा उजवा हात दुसऱ्या महायुद्धात जहाजावरील आगीशी झुंजताना झालेल्या भाजण्यामुळे गेला होता. त्याआधी ते व्यावसायिक नर्तक होते. मालिकेत या पात्राचे नाव फ्रेड जॉन्सन आहे. १२० भागांत तो मोजक्याच वेळा दिसतो आणि सुरुवातीला तर निव्वळ ओझरता. त्याला बोलायला लावून चटकन ओळखीचा केला नाही, यात निर्मात्यांचा शहाणपणा दिसतो, कारण तीन हंगाम प्रेक्षकालाही अधूनमधून शंका यावी की असा कोणी आहे तरी का.

५. पहिल्या खंडात काय घडते?

लॉस एंजेलिसच्या एका मद्यालयात धुडगूस घातल्याबद्दल जॉन्सन पकडला जातो. ॲरिझोनातील टूसॉन येथे मजुरी करणाऱ्या किम्बलच्या वाचनात ती बातमी येते आणि तो तिकडे निघतो. जेरार्डही तिकडेच येतो, कारण थोटा अडकला की डॉक्टर येणार हे त्याला पक्के ठाऊक असते. जीन कार्लाइल ही मूळची स्टॅफर्डची मुलगी तेथे न्यायालयीन कामात लघुलेखिका आहे. ती किम्बलला सावध करते आणि आसरा देते. इतक्यात एक जामीनदार जॉन्सनला सोडवतो, पुढे तो जामीनदारच मारला जातो, आणि जामिनामागे लिओनार्ड टॅफ्ट हे नाव निघते. टॅफ्ट म्हणजे किम्बलच्या बहिणीचा, डोनाचा, नवरा. आपल्याच घरातल्या माणसाने खुन्याला का सोडवावे, हे कोडे उलगडण्यासाठी किम्बल स्टॅफर्डला जायला निघतो आणि नेमका तेव्हाच जेरार्डच्या हाती लागतो. ‘तुझी वेळ संपली’ अशा अर्थाचे जे वाक्य जेरार्ड तेथे उच्चारतो, त्यात विजयाचा सूर नाही. उलट त्याआधी तो चक्क ‘माफ कर’ म्हणतो. पहिल्यांदा पाहताना हे निसटते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र पुढचा सगळा खंड या एका शब्दात साठवल्यासारखा वाटतो.

६. दुसऱ्या खंडाचा गाभा काय? खून शेवटी कोणी केला?

खून जॉन्सननेच केला. चोरीसाठी घरात शिरलेला असताना हेलन समोर आली आणि त्याने तिला दिव्याने मारले. इतके तर प्रेक्षक चार वर्षे धरूनच चालला होता. नवी आहे ती गोष्ट वेगळी : त्या वेळी घरात तिसरे माणूस होते. शेजारी राहणारा लॉइड चँडलर हा युद्धात पदक मिळवलेला, गावात मान असलेला गृहस्थ जिन्यावर उभा राहून सगळे पाहत होता, आणि हललाही नाही. जॉन्सनला जामीन चँडलरनेच टॅफ्टच्या नावावर दिला होता. जॉन्सनने ते ताडले आणि तो त्याला पिळण्यासाठी स्टॅफर्डला आला. चँडलर पैसे देण्याच्या निमित्ताने त्याला बंद पडलेल्या एका करमणूक उद्यानात बोलावतो. हेतू त्याला मारण्याचा असतो. पाठोपाठ किम्बल आणि त्याला चोवीस तासांची मुदत देऊन मोकळे सोडणारा जेरार्ड (प्रश्न १० पाहा) तेथे पोहोचतात. पुढच्या झटापटीविषयी प्रश्न ७ मध्ये आणि चँडलरविषयी प्रश्न ९ मध्ये लिहिले आहे.

७. जॉन्सनला गोळी किम्बलने घातली ना? आमच्याकडे यावरून वाद झाला.

नाही. गोळी जेरार्डने झाडली. उद्यानात शिरताच जॉन्सनच्या गोळीने जेरार्डच्या पायाला जखम होते आणि तो स्वतःचे पिस्तूल किम्बलच्या हाती देतो. ज्या कैद्याला चार वर्षे शोधले त्याच्या हाती भरलेले पिस्तूल देऊन त्याला नजरेआड जाऊ देणे, हा मालिकेतला सर्वांत मोठा निवाडा आहे आणि तो न्यायालयाबाहेर, धुळीत बसलेल्या एका माणसाने दिलेला आहे. किम्बल उंच मनोऱ्यावर जॉन्सनच्या मागे चढतो. वर झोंबाझोंबी होते, जॉन्सन खुनाची कबुली देतो, पण मग पिस्तूल त्याच्या हाती पडते आणि तो नेम धरतो. खालून जेरार्ड चँडलरची रायफल घेतो आणि जॉन्सनला टिपतो. मनोऱ्यावरून खाली कोसळून तो मरतो.

वाद होण्याचे कारण समजते. किम्बलच्या हाती पिस्तूल गेलेले आपण पाहिलेले असते आणि स्मरणशक्ती उरलेले स्वतःच भरून काढते. पण किम्बलने मारले असते तर ज्या आरोपातून तो सुटू पाहत होता तोच आरोप अखेरच्या क्षणी खरा ठरला असता. लेखकांनी ते जाणीवपूर्वक टाळले आहे.

८. जॉन्सनची कबुली फक्त किम्बलनेच ऐकली आणि जॉन्सन तर मेला. मग किम्बल निर्दोष सुटला कसा?

हा सर्वांत अधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नीट लक्षात घेतल्याशिवाय हा भाग कळला असे म्हणता येणार नाही.

कबुलीचा कायदेशीर उपयोग शून्य आहे. मृत्युदंड झालेल्या कैद्याने ‘त्याने मरण्यापूर्वी माझ्यापाशी कबूल केले’ असे सांगितले, तर कोणतेही न्यायालय त्यावर विसंबणार नाही. खटल्याच्या वेळी ‘मी थोटा माणूस पाहिला’ या त्याच्या शब्दाला जी किंमत मिळाली, तीच याही वेळी मिळाली असती. किम्बलला हे मनोऱ्यावरून उतरतानाच उमगलेले असते. तो जेरार्डला ‘त्याने कबूल केले’ असे सांगतो खरा, पण त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद नसतो, कारण ज्याला शोधण्यात चार वर्षे घालवली तो सापडून, बोलून आणि मरूनही आपण होतो तेथेच आहोत हे त्याला दिसत असते. जॅन्सनने ही हताशा खांदे किंचित पाडून आणि वाक्य अर्ध्यावर विझू देऊन दाखवली आहे.

किम्बल सुटतो तो चँडलरमुळे. तेथेच उभा असलेला चँडलर ‘मी साक्ष देईन’ असे म्हणतो, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याची ही साक्षच शिक्षा रद्द होण्याचा आधार ठरते. याचा अर्थ असा की चार वर्षे सगळी मालिका चुकीच्या माणसाचा माग काढत होती. किम्बलला खुनी सापडण्याची गरज नव्हती. त्याला साक्षीदार सापडण्याची गरज होती, आणि तो साक्षीदार पहिल्या दिवसापासून शेजारच्याच घरात राहत होता. थोटा माणूस हा नुसता हुलकावणी देणारा मोहरा होता, असे म्हटले तरी चालेल.

९. चँडलर इतकी वर्षे गप्प का राहिला? त्याला किम्बलशी वैर होते का?

वैर मुळीच नव्हते, आणि म्हणूनच हे पात्र अंगावर येते. भांडणानंतर हेलनने त्याला फोन करून बोलावले होते आणि तो तिची समजूत घालायला आला होता. चोर शिरला, झटापट झाली आणि रणांगणावर पदक मिळवलेला हा माणूस जिन्यावर थिजून उभा राहिला. खरे सांगायचे तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या : शेजाऱ्याच्या बायकोबरोबर रात्री त्या घरात आपण होतो, आणि तिला मारले जात असताना आपण बोटही उचलले नाही. पहिल्या गोष्टीने अब्रूला बट्टा लागला असता, पण ती निभावून नेता आली असती. दुसऱ्या गोष्टीने त्याचे सगळे आयुष्यच खोटे पडले असते. शौर्यपदक भिंतीवर असताना भित्रेपणा कबूल करणे त्याला एका निरपराध माणसाच्या मरणाहून जड वाटले.

जे. डी. कॅनन यांनी हे काम फार संयमाने केले आहे. पूर्वदृश्यात चँडलर जिन्यावर दिसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा गोंधळ अधिक आहे, जणू पाय आपले ऐकत का नाहीत हेच त्याला कळत नाही. या पात्राला खलनायक म्हणणाऱ्या वाचकांशी मी सहमत नाही, पण त्याला क्षमा करावी असेही मला वाटत नाही. दिव्याने मारणारा हात एका क्षणाचा होता, गप्प राहणे रोजचे होते.

एक आक्षेप रास्त आहे : चँडलर आधीच्या भागांत कुठेच येत नाही. स्टॅफर्डची पार्श्वभूमी असलेले भाग असूनही तो तेथे दिसत नाही आणि शेवटी एकदम सगळ्या कोड्याची किल्ली म्हणून हजर होतो. त्याला दुसऱ्या हंगामापासून पेरता आले असते, तर धक्का दुप्पट बसला असता. मालिकेचा शेवट आधीपासून ठरवून भाग लिहिण्याची पद्धत त्या काळी नव्हती (प्रश्न १४ पाहा), हे त्यामागचे कारण आहे.

१०. जेरार्डने किम्बलला चोवीस तासांची मुदत का दिली? इतका कडक अधिकारी असे कसे करील?

लॉस एंजेलिसहून स्टॅफर्डकडे परतताना दोघे आगगाडीत समोरासमोर बसलेले असतात. मालिका जेथे सुरू झाली तेच हे दृश्य आहे : तीच दोन माणसे, तीच आगगाडी, तोच मुक्काम. पहिल्या वेळी गाडी घसरली म्हणून किम्बल सुटला होता. या वेळी रूळ शाबूत राहतात आणि घसरतो तो जेरार्डचा ठामपणा. कैद्याला कोठडीत न टाकता एक दिवस मोकळे सोडणे हे कोणत्याही नियमात बसत नाही आणि जेरार्डला ते पूर्ण ठाऊक असते.

पहिल्या भागात हाच जेरार्ड म्हणतो की न्यायालयाने दोषी ठरवले, मी अंमलबजावणी करणारा, निकाल बरोबर की चूक ही चर्चा इतरांनी करावी. या भूमिकेला मधल्या भागांत तडे जात गेले आहेत. किम्बलने त्याचा जीव एकाहून अधिक वेळा वाचवला आहे, आणि ‘कॉर्नर ऑफ हेल’मध्ये आपले कोणी ऐकत नाही म्हणजे काय, याची चव त्याने स्वतः घेतली आहे. त्यातच टॅफ्टच्या नावाचा जामीन ही पहिलीच ठोस गोष्ट अशी होती की जी किम्बलच्या म्हणण्याशिवाय दुसऱ्या कशानेही उलगडत नव्हती. चांगला तपास अधिकारी अशा गोष्टीकडे डोळेझाक करू शकत नाही. त्यामुळे मुदत देणे हा दयाळूपणा नव्हे. तपास अपुरा राहिल्याची ती कबुली आहे, फक्त शब्दांत न दिलेली.

११. शेवटी जेरार्डने किम्बलची माफी का मागितली नाही? नुसते हस्तांदोलन पुरेसे आहे का?

न्यायालयाच्या इमारतीबाहेर जेरार्ड हात पुढे करतो, किम्बल क्षणभर थांबतो आणि तो हात हातात घेतो. दोघेही बोलत नाहीत. तो क्षणभराचा विलंब पाहण्यासाठी मी हे दृश्य कितीतरी वेळा मागे नेले आहे. किम्बलची नजर आधी हाताकडे जाते, मग चेहऱ्याकडे, आणि मगच त्याचा हात पुढे येतो.

शब्दांत माफी मागितली असती तर जेरार्डला स्वतःचा बचाव करावा लागला असता, आणि त्याच्यापाशी बचाव होताही : त्याने पुरावा बनवला नव्हता, शिक्षा ठोठावली नव्हती. ‘मी माझे कर्तव्य केले’ हे वाक्य त्या जागी असह्य झाले असते. तरी काही वाचक म्हणतात की व्यवस्थेची चूक दोन माणसांच्या हस्तांदोलनात गुंडाळून टाकली. हे म्हणणे मला पटते. किम्बलला दोषी ठरवणारे पंच, फिर्यादी पक्ष, न्यायाधीश, यांपैकी कोणीही शेवटच्या भागात तोंड दाखवत नाही.

१२. निर्दोष असला तरी कोठडीतून पळणे हा वेगळा गुन्हा नाही का? आणि चँडलरला काही शिक्षा झाली का?

मालिका या दोन्ही बाबतींत काही सांगत नाही. कायद्याच्या अंगाने पाहिले तर अमेरिकेत साधारण नियम असा आहे की कोठडी कायदेशीर आदेशाने झाली असेल, तर पुढे निर्दोषत्व सिद्ध झाले म्हणून पलायनाचा गुन्हा आपोआप पुसला जात नाही. खटला भरायचा की नाही हे मात्र फिर्यादी पक्षाच्या विवेकावर असते. खोट्या नावांनी काढलेली चार वर्षे आणि त्याला आसरा देणारी डझनावारी माणसे यांचाही हिशेब याच सदरात येतो.

चँडलरचे प्रकरण अधिक नाजूक आहे. संकटातल्या माणसाला वाचवण्याची किंवा पाहिलेला गुन्हा कळवण्याची सक्ती तेथील बहुतेक राज्यांत सर्वसामान्य नागरिकावर नसते, त्यामुळे नुसते गप्प राहणे हे नीतीने कितीही गर्हणीय असले तरी त्यावर शिक्षा होतेच असे नाही. जॉन्सनला मारण्याच्या हेतूने बोलावणे आणि दुसऱ्याच्या नावावर जामीन देणे, या गोष्टींवर मात्र त्याला उत्तर द्यावे लागले असते.

१३. अखेरच्या दृश्यात सुटका झाल्यावरही पोलिसांची गाडी पाहून किम्बल का दचकतो?

सवयीने. जीनबरोबर पायऱ्या उतरून तो रस्त्यावर येतो आणि पोलिसांची गाडी जवळ येऊन थांबते. त्याचे अंग आखडते, नजर पळवाट शोधू लागते, मग त्याला आठवते की आता पळायचे नाही. लगेच निवेदक विल्यम कॉनराड यांचा आवाज येतो : मंगळवार, २९ ऑगस्ट, धावणे थांबले तो दिवस. प्रसारणाचा दिवस आणि गोष्टीतला दिवस एकच ठेवल्यामुळे घरी बसलेल्या प्रेक्षकाला हे सगळे आत्ताच, आपल्यासमोर घडले असे वाटले. आज पाहताना ती जादू उरत नाही, पण ते दचकणे उरते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली तरी शरीराला तसा आदेश पोहोचायला वेळ लागतो, हे एका हालचालीत सांगून झाले आहे.

१४. हंगाम एप्रिलमध्ये संपूनही शेवट ऑगस्टमध्ये का दाखवला? आणि शेवट करण्याला विरोध होता, हे खरे का?

नियमित भाग ११ एप्रिल १९६७ रोजी संपले आणि त्यानंतर उन्हाळाभर जुन्या भागांचे पुनःप्रसारण चालू होते. शेवट त्याच्या टोकाला ठेवला. त्या काळी मालिका संपत नसत, बंद पडत. पुढचा हंगाम मंजूर झाला नाही की गोष्ट होती तेथेच सोडून द्यायची, अशी रीत होती. शिवाय धंद्याचा हिशेब असा की शेवट दाखवला, तर स्थानिक केंद्रांना विकायच्या पुनःप्रसारणाची किंमत उतरेल, कारण खुनी कोण हे कळल्यावर जुने भाग कोण पाहील? एबीसीतील लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी प्रेक्षकाला शेवट द्यायलाच हवा असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. दरम्यान जवळजवळ प्रत्येक दृश्यात असणारा जॅन्सन चार वर्षांत पार थकला होता आणि पाचवा हंगाम करण्याची त्याची तयारी नव्हती.

१५. तो भाग खरोखर इतक्या लोकांनी पाहिला का?

होय. दुसऱ्या खंडाच्या वेळी अमेरिकेतील चालू असलेल्या संचांपैकी ७२ टक्के संच याच वाहिनीवर होते आणि सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी तो पाहिला असे मानले जाते. हा विक्रम नोव्हेंबर १९८० मध्ये ‘डॅलस’च्या ‘गोळी कोणी झाडली’ या भागाने मोडला.

१६. ही सॅम शेपर्ड यांची खरी गोष्ट आहे ना?

मालिकेचे जनक रॉय हगिन्स यांनी हे कायम नाकारले. साम्य मात्र ठळक आहे. ओहायो राज्यातील क्लीव्हलँडजवळ बे व्हिलेज येथे ४ जुलै १९५४ रोजी डॉ. सॅम शेपर्ड यांच्या पत्नीचा, मॅरिलिनचा, घरातच खून झाला. दाट केसांचा एक अनोळखी माणूस घरात होता, असे शेपर्ड सांगत राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना जन्मठेप झाली. मालिका सुरू झाली तेव्हा ते तुरुंगातच होते. १९६६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांच्या गदारोळामुळे खटला न्याय्य झाला नाही म्हणून शिक्षा रद्द केली आणि फेरखटल्यात १६ नोव्हेंबर १९६६ रोजी ते निर्दोष सुटले, म्हणजे किम्बलच्या नऊ महिने आधी.

फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. किम्बलला जन्मभर पुरेल असा साक्षीदार मिळाला. शेपर्ड यांना मिळाली ती केवळ पंचांच्या मनातील शंका. सुटल्यावर त्यांची वैद्यकी सावरली नाही, काही काळ ते व्यावसायिक कुस्त्यांत उतरले आणि १९७० मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी वारले.

१७. जीन कार्लाइल अखेरच्या भागातच उगवते आणि किम्बल तिच्याबरोबर निघून जातो. हे ओढूनताणून नाही का?

थोडेसे आहेच. डायन बेकर यांनी काम नीटस केले आहे आणि जीनच्या वडिलांवर बालंट आले तेव्हा किम्बल कुटुंबाने माणुसकी दाखवली होती, हा धागाही दिलेला आहे. पण चार वर्षांत किम्बलला सांभाळणाऱ्या इतक्या बायका आल्या आणि मागे राहिल्या की शेवटचीला हा मान केवळ शेवटची असल्याने मिळाला, असे वाटते. माझ्या मते बहीण डोना हीच त्या क्षणाची खरी हकदार होती. जॅकलिन स्कॉट यांनी ती भूमिका आधीच्या भागांतही केली होती.

१८. १९९३ च्या चित्रपटाचा शेवट हाच आहे का? आणि हिंदी ‘क्रिमिनल’?

नाही. हॅरिसन फोर्ड आणि टॉमी ली जोन्स यांच्या त्या चित्रपटात किम्बल शिकागोतील रक्तवाहिन्यांचा शल्यविशारद आहे, एका हाताचा माणूस भाडोत्री आहे, आणि त्याच्यामागे एका औषधाच्या चाचण्या दडपणारा डॉक्टर मित्र आहे. म्हणजे चँडलरच्या जागी कारस्थान आले. गोष्ट वेगवान झाली, जोन्स यांना ऑस्करही मिळाले, पण जिन्यावर थिजलेला माणूस गेला. महेश भट्ट यांचा नागार्जुन अभिनीत ‘क्रिमिनल’ या चित्रपटावरून बेतलेला आहे, मालिकेवरून नव्हे.

१९. स्टॅफर्ड हे खरे गाव आहे का? आणि इंडियानात समुद्र कुठून आला?

मालिकेतले स्टॅफर्ड काल्पनिक आहे. इंडियानाला समुद्र नाही, पण उद्यानाच्या दृश्यांचे चित्रीकरण कॅलिफोर्नियात सँटा मोनिका येथील पॅसिफिक ओशन पार्कमध्ये झाले. धक्क्यावर उभारलेले ते उद्यान त्या वेळी मोडकळीला आले होते आणि भाग प्रसारित झाला त्याच वर्षी ते कायमचे बंद पडले. त्यामुळे पडद्यावर दिसणारा उजाडपणा फारसा सजवावा लागला नसेल.

२०. किम्बल स्वतःच खुनी निघतो आणि शेवटी लाकडी हात काढून ठेवतो, असा दुसरा शेवट चित्रित झाला होता म्हणे?

तो विनोद आहे. तो जुना आहे आणि चांगला आहे, पण तसा शेवट मालिकेत कुठेही नाही. जो आहे तो वर प्रश्न ५ ते ८ मध्ये दिला आहे.